बिनपाण्याचं धुणं

आमच्या वन्सं पाण्याशिवाय कपडे धूत. हे सांगितलं की नातवंडांना वाटतं, म्हातारी झोपेत बोलतेय. त्यांचंही फारसं चुकत नाही. त्या दुपारी आठवल्या की माझं डोकं अजूनही हलकं होतं.

तेव्हा जबलपुरात कमानिया गेट नवंच उभं राहिलं होतं आणि मीही नवीच नवरी होते. आमचे हे गेटजवळच्या एका रंग-तेलाच्या दुकानात कामाला होते. तिथून ते बेंझॉलचा डबा आणत. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, हातावर घेतलं की गारेगार, आणि बघता बघता उडून जायचं. वास मात्र गोड.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. सोवळ्याच्या भलत्या कडक. महालक्ष्म्या जवळ आल्या की ओळखीच्या मराठी घरांतून रेशमी सोवळी आमच्याकडे येत. धोब्याला दिली तर विटाळतील, पाण्यात घातली तर रेशीम मरेल. बेंझॉलमध्ये बुडवलं की तुपाचा डाग मुकाट्यानं सुटायचा. हळद तेवढी हटायची नाही.

"हळद हट्टी असते, तुझ्यासारखी," वन्सं मला म्हणत.

धुणं चाले मागच्या खोलीत. तिची खिडकी गल्लीवर उघडे. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात सोवळ्याला लागू नये म्हणून ती कायम बंद. दारही बंद. पलीकडेच स्वयंपाकघर, म्हणून यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खोलीत दिवा न्यायचा नाही. अन् दाराच्या फटीत ओलं गोणपाट लाव. हा वास वर नाही जात, जमिनीवरून सरपटत जातो. चुलीपर्यंत पोचला तं घर गेलं समज."

आगीला आम्ही फार भीत होतो. मी रोज गोणपाट भिजवून उंबऱ्याशी असं ठासून बसवायची की मुंगी आत जाणार नाही. नव्या सुनेला कौतुक हवं असतं, आणि या कामाचं मला मिळायचं.

मग मी दाराला टेकून तांदूळ निवडत बसे. आतून वन्संचा आवाज येई, हळूहळू सैल होत जाणारा. एरवी कधी न हसणारी ती बाई तिथे हसायची.

"काहून हसून राहिल्या, वन्सं?"

"काही नाही गं बाई. तरंगून राहिली मी."

मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटे, देवाचं काम करणाऱ्याला देव असं उचलून घेत असेल. दार उघडलं की तो गोडवा माझ्याही अंगावरून जाई आणि अंगण, तुळस, वाळवणाची दोरी, सगळं क्षणभर लांब गेल्यासारखं दिसे.

काही वर्षं अशीच गेली. मग वन्सं पांढऱ्या पडू लागल्या. आम्ही म्हटलं, उपवास फार करतात. दंडावर निळे डाग उठले, तेव्हा म्हटलं कुठे आपटल्या असतील. एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेचना, तेव्हा कुठे डॉक्टर आले. त्यांनी डाग पाहिले, काम काय करता ते विचारलं, डबा हुंगला आणि झटकन बाजूला ठेवला.

"खिड़की तो खुली रहती थी न?"

मीच म्हटलं, "दरवाज़े की दरार भी मैं बंद करती थी."

ते यांना बाहेर घेऊन गेले. त्या वासानं वन्संच्या अंगात रक्तच तयार होईनासं झालं होतं. मी वन्संच्या पायाशी बसून रडले, सरळ सांगितलं की मी तुम्हाला कोंडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात फार हलका होता.

"घर जळलं का? नाही ना? मग झालं तं."

दिवाळीपर्यंतही त्या राहिल्या नाहीत.

तेराव्यानंतर यांनी मला तो डबा परसात, चुलीपासून दूर नेऊन ओतायला सांगितलं. मी मागची खिडकी सताड उघडली, उंबऱ्याचं वाळलेलं गोणपाट काढून टाकलं आणि परसात जाऊन डब्याचं झाकण फिरवलं. मला वाटलं होतं, आता मला त्या वासाची किळस येईल. तो तितकाच गोड होता, आणि ओतायच्या आधी मी एकदा खोल श्वास घेतला.