ठकुराइनचा दाखला

दिघरुआ गावात कुणाच्या अंगणातला नळ चालतो आणि कुणाचा नुसताच उभा आहे, हे पनमाला विचारावं. त्यासाठी ती नळाकडे बघायचीही नाही. ती टाचा बघते. घरात पाणी येणाऱ्या बाईची टाच भेगाळली तरी कडेकडेनं भेगाळते. बांधावरून, चिखलातून दोन-दोन हंडे वाहणाऱ्या बाईची टाच मधोमध उकलते, आणि त्या भेगेत बागमती नदीची काळी माती अशी घट्ट बसते की नखं काढायच्या नराणीच्या टोकानं कोरली तरी निघत नाही.

पनमा गावची न्हावीण. गावातल्या बायकांची नखं काढायची, पाय घासायचे, वरून आळत्याची लाल रेघ ओढायची, हे तिचं काम. नवरीचे पाय तिच्या मांडीवर, बाळंतिणीचे पाय सहाव्या दिवशी तिच्या मांडीवर, आणि घरात कुणी गेलं की दहाव्या दिवशी साऱ्या बायकांची नखंही तीच काढणार. तिची नराणी लागल्याशिवाय दिघरुआत लग्न लागत नाही आणि सुतक फिटत नाही. सासूच्या काळी ही नराणी दुसाधटोलीत, गावाबाहेरच्या दलित वस्तीत, जायची नाही. तिथल्या बायका आपली नखं आपणच काढायच्या. सासू गेली आणि वर्षाच्या आत पनमा तिथंही जायला लागली. नवऱ्यानं, रामउदगारनं, चार दिवस तोंड फुगवलं. पाचव्या दिवशी त्यानं भात मागितला.

बाबूसाहेबांच्या वाड्यावर म्हातारी मालकीण म्हणाली, "तिकडून आलीस तर आधी न्हाऊन ये गं."

"न्हाईन की," पनमा म्हणाली. "पण मालकीण, न्हायला पाणी कुठं आहे तिकडे?"

गाव तिला पनमा म्हणत नाही. गाव म्हणतं ठकुराइन. या मुलखात न्हावी म्हणजे ठाकुर, आणि न्हाव्याची बायको ठकुराइन. राजपूत असतो तो बाबूसाहेब, त्याची बायको मालकीण. मीठ आणि साखर यांत जसा कुणाचा घोळ होत नाही, तसा यातही दिघरुआत पिढ्यान् पिढ्या कुणाचा झाला नव्हता.

त्या वर्षी पंचायतीची निवडणूक आली आणि मुखियाची, म्हणजे सरपंचाची, जागा अतिमागास महिलेसाठी राखीव झाली. मुखियापद याआधी तीन वेळा म्हाताऱ्या मालकिणीचे मुलगे त्रिवेणीबाबू यांच्याच घरात होतं. एकदा ते स्वतः, एकदा भाऊ, एकदा बायको. पण त्रिवेणीबाबू काही घाबरले नाहीत. त्यांनी आपल्या ट्रॅक्टरवाल्याची बायको बुचिया हिला उभं करायचं ठरवलं. बुचिया धानुक जातीची, म्हणजे यादीत बसणारी, आणि स्वभावानं अशी की स्वतःच्या म्हशीलाही मोठ्यानं हाक मारायची नाही. शिक्का बाबूंच्या खिशात राहणार हे शेंबडं पोरही सांगत होतं.

दुसाधटोलीत एका बाळंतिणीच्या सहाव्या दिवशी पनमा पाय घासत बसली होती. नळ योजनेचा पाइप टोलीच्या तोंडाशी येऊन थांबलेला. पुढचं पाणी बाबूंच्या आंबराईत जातं हे सगळ्यांना ठाऊक. बाळंतिणीची सासू म्हणाली, "ठकुराइन, तुम्हीच उभ्या राहा ना. तुम्हाला कुठल्या घरचं दार बंद आहे?"

बायका हसल्या. पनमाही हसली. पण हातातली टाच तिनं पुन्हा उलटी करून पाहिली. सहा दिवसांच्या ओल्या बाळंतिणीची टाच, आणि भेगेत ताजी काळी माती.

"तू पाण्याला गेली होतीस?"

सासूनं मान फिरवली.

घरी येऊन पनमा नवऱ्याला म्हणाली, "सुबोधचे बाबा, मी अर्ज भरणार."

"कसला?"

"मुखियाचा."

रामउदगार वस्तऱ्याला धार लावत होता. "बरं झालं वस्तऱ्याखाली कुणाची दाढी नव्हती," तो म्हणाला. "बाबूंच्या जमिनीवर आपली झोपडी आहे, ठाऊक आहे ना?"

"झोपडी त्यांच्या जमिनीवर आहे. त्यांच्या मुलींच्या लग्नाचे पाय माझ्या मांडीवर आहेत. बघू या काय जड होतं ते."

न्हावी जातही यादीत होती, पण राखीव जागेला जातीचा दाखला लागतो. पनमानं कचेरीच्या खिडकीवर अर्ज दिला. खिडकीवर नवीन आलेला माणूस बनारसकडचा होता. त्याच्या मुलखात ठाकूर म्हणजे राजपूत, दुसरा अर्थच नाही. त्यानं नवऱ्याचं नाव वाचलं, रामउदगार ठाकुर, आणि मान वर न करता यंत्राचं बटण दाबलं.

मंगळवारी दाखला हातात आला. रामउदगारनं तो दोनदा वाचला आणि मग असा हसायला लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं?"

"उठून उभा राहू का, मालकीण? तुम्ही राजपूत झालात!"

चौकात दिवसभर थट्टा चालली. कुणी पनमाला वाकून मुजरा केला, कुणी रामउदगारला विचारलं, "बाबूसाहेब, आता आमची दाढी कोण करणार?" पनमानं सगळं ऐकून घेतलं. पण संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तिला हसू येईना. ज्या गावानं तिची जात एक घटकाही विसरू दिली नव्हती, त्याच गावात नेमक्या गरजेच्या दिवशी कागद ती विसरला होता. अर्ज भरायची मुदत शनिवारपर्यंत. राजपूत बाईला त्या जागेवर उभं राहता येत नाही.

बुधवारी ती कचेरीत गेली. दाखला दुरुस्त होईल, पण गावात चौकशी होऊन दोन प्रतिष्ठित माणसांची साक्ष लागेल, असं कळलं. प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे तिनं विचारलंच नाही. महसुलाचा कर्मचारी गावात आला की कुणाच्या ओसरीवर बसतो हे तिला ठाऊक होतं.

गुरुवारी तो त्रिवेणीबाबूंच्याच ओसरीवर बसला. त्यांच्या मुलीचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं, त्यामुळे नवऱ्या मुलाचे मामाही बोलणी करायला आलेले. चहा, खाजा, पान, सगळा थाट. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. बुचियाही एका खांबामागं पदर ओढून उभी होती.

कर्मचाऱ्यानं विचारलं, "जमिनीचा काही जुना कागद आहे? त्यात जात लिहिलेली असते."

"साहेब, जमीन असती तर कागद असता," पनमा म्हणाली. "गावाला विचारा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"गावाला कशाला, मी सांगतो," त्रिवेणीबाबू गोड आवाजात म्हणाले. "सरकारनं लिहिलंय ते बरोबरच आहे. नवऱ्याचं आडनाव ठाकुर. आम्ही हिला ठकुराइन म्हणतो, माझे वडील हिच्या सासूला ठकुराइन म्हणायचे. काय रे, तुम्ही हिला काय म्हणता?"

अंगणातली माणसं पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

"बोला की. खोटं थोडंच बोलायचंय!"

"ठकुराइन," दोघंतिघं पुटपुटले. आणि ते खोटं नव्हतंच.

"झालं तर मग. उगाच आमच्या जातीतून हिला कशाला काढता?" बाबू हसले. ओसरीवरचे चार जणही हसले. कर्मचाऱ्यानं लेखणीचं टोपण काढलं.

रामउदगारनं बायकोच्या पदराला मागून हलकेच ओढ दिली, चल म्हणून. पनमानं पदर सोडवला, वहाणा पायरीशी काढल्या, हात झटकले आणि ती ओसरीवर चढली. तिथं मामांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. पनमा तीवर बसली. चार पिढ्यांत तिच्या घरातलं कुणी त्या ओसरीवर जमिनीखेरीज कशावरही बसलेलं नव्हतं.

"बसते हं, भावजी," ती म्हणाली.

"भावजी?" बाबूंच्या तोंडातलं पान थांबलं.

"मग काय म्हणू? तुम्हीच तर जातीत घेतलंत. आमच्या यांच्यापेक्षा तुम्ही दोन वर्षांनी धाकटे, म्हणजे भावजीच. एक मात्र मला लागलं हो. लग्न अकरा दिवसांवर आलं आणि भाऊबंदांना अजून आवतण नाही? आम्ही बाराजण येऊ. पहिल्या पंगतीला बसू, तुमच्या पाटाला पाट लावून. नवरीच्या पायांना मात्र दुसरी न्हावीण बघा. बाबूसाहेबांच्या घरची बाई लोकांचे पाय मांडीवर घेते होय?"

अंगणात कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच खोकलं.

पनमा मामांकडे वळली. "तुम्ही मुलाचे मामा ना? आमचा सुबोध लुधियानाला असतो. स्वतःचं सलून आहे. तुमच्याकडे कुणी चांगली मुलगी असेल तर सांगा. आता आपण एकातलेच."

मामांनी चहाचा पेला खाली ठेवला. "त्रिवेणीबाबू," ते हळू आवाजात म्हणाले, "हे आपले भाऊबंद?"

"अहो नाही, म्हणजे... तसं नाही..." आता बाबूंना इकडे आड आणि तिकडे विहीर. न्हावीण म्हणावं तर मुखियाची जागा जाते, राजपूत म्हणावं तर लग्न जातं.

पण त्यांना काही म्हणायची वेळच आली नाही. आतल्या दाराचा पडदा हलला आणि म्हातारी मालकीण, जगतारण कुंअर, काठी आपटत उंबऱ्यात आली. ऐंशी वर्षांत ती चारचौघांसमोर ओसरीवर आलेली कुणी पाहिली नव्हती.

"त्रिवेणी! ऐकून काय घेतोस, तोंडात मूग धरलेस? हिची सासू तुझ्या जन्माला होती. माझी नखं काढली तिनं तुझ्या सहाव्या दिवशी. न्हावीण आहे ही, न्हावीण! हिची सासू न्हावीण, तिची सासू न्हावीण. माझ्या नातीच्या पंगतीला पाट लावते म्हणे! उठ गं त्या खुर्चीवरून!"

पनमा उठली नाही. ती कर्मचाऱ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, लिहून घेताय ना?"

कर्मचाऱ्यानं म्हातारीला विचारलं, "आजी, हे असंच लिहू?"

"लिही! चारदा लिही!"

त्यानं लिहिलं. अंगठ्यासाठी शाईची डबी काढली तर ती वाळून खडखडीत झालेली. पनमानं कमरेची पिशवी सोडली, आळत्याची बाटली काढली, आणि म्हातारीचा अंगठा, तीस वर्षं पायाचा धरला तसा, अलगद हातात घेतला. कागदावर लालभडक ठसा उमटला.

"एक साक्ष झाली," कर्मचारी म्हणाला. "दुसरी?"

मामा त्रिवेणीबाबूंकडे बघत होते. अंगण बघत होतं. बाबूंनी कागद ओढला आणि सही केली, कागद फाटेल इतकी दाबून. मग कुठं पनमा खुर्चीवरून उठली.

"आवतण नको हं आता," पायरी उतरताना ती म्हणाली. "पाय करायला मी येईन. ते माझंच काम."

खांबामागं उभी असलेली बुचिया पदराआड हसत होती. पनमा जवळून गेली तेव्हा ती इतकंच म्हणाली, "काकी, माझं नाव त्यांनी मला न विचारताच घातलंय."

"मग मत तरी स्वतःला विचारून घाल," पनमा म्हणाली.

शुक्रवारी दाखला दुरुस्त झाला आणि शनिवारी दुपारी अर्ज भरला गेला. रामउदगार बरोबर गेला होता. परतताना त्यानं विचारलं, "आणि झोपडी उठवली तर?"

"लग्न होईपर्यंत उठवत नाहीत. लग्नानंतर त्यांची सून बाळंत व्हायची आहे. तिच्यानंतर म्हातारी आहे. त्या घराला माझ्यावाचून कधी सरलंय, सांगा."

रविवार हा मालकिणीच्या नखांचा वार. पनमा नेहमीसारखी मागच्या दारानं आत गेली. म्हातारी पाटावर पाठ करून बसली होती.

"माझ्या तोंडून वदवून घेतलंस ना?"

"तुम्ही खरंच बोललात, मालकीण. गावात खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या निघालात."

"लोणी लावू नकोस." म्हातारीनं पाय पुढं केले. टाचा गुळगुळीत, कडेला दोन बारीक रेघा. "मुखिया झालीस की माझी नखं कोण काढणार?"

"मीच."

"मुखिया असं लोकांचे पाय धरत बसते?"

"ही बसेल. फक्त आता खाली बसवत नाही. गुडघे गेले. बसायला पाट लागेल."

बाहेर आंबराईत नळाचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"कोपऱ्यात उभा केलाय," म्हातारी शेवटी म्हणाली. "तुझा तू घे. माझी कंबर धरलीय."

पनमानं पाट आणला, म्हातारीच्या पाटासमोर मांडला, त्यावर बसली आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला.