सूपभर दादर

भिकुबाईचे गुडघे शाळेने खाल्ले, असं गावात म्हणत. म्हणत खरे, पण म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कधी तिच्या हातातलं शेणाचं घमेलं घेतलं नाही.

अमळनेरपासून तीन कोसांवरच्या त्या खेड्यात दोन खोल्यांची शाळा होती. जमीन मातीची. साठ-सत्तर पोरांच्या पायांखाली आठवड्यात तिच्या खपल्या निघत. म्हणून शनिवारी शाळा सुटली की भिकुबाई दोन्ही खोल्या सारवायला बसे. मानमोडीच्या साथीत नवरा गेला त्या वर्षी तिने हे काम धरलं आणि एकवीस वर्षं सोडलं नाही. पगार नव्हता. ज्या घरचं पोर शाळेत, त्या घराने सुगीला तिला सूपभर दादर घालायची, असा गावाचा रिवाज. रब्बीची ती टपोरी ज्वारी आली की भिकुबाई टोपली घेऊन दारोदार फिरे. तिला कुणी दारातूनच वाटेला लावत नसे. "अक्का, बस, पानी पे," म्हणत, बसवून घेत, सुनेची कागाळी सांगत, मग सूप रितं करत. त्या चार दिवसांत वर्षाची भाकर घरात येई आणि गावाची सुखदुःखंही.

बाकीचं वर्ष नुसतं ओढायचं. एक खोली झाली की ती भिंतीला टेकून बसे आणि दुसरी खोली तशीच बाकी असे. गुडघे उलगडायचे तर आधी हात टेकायचा, मग देवाचं नाव घ्यायचं, मग कळ सोसायची. "देवा, एकदाचं सोडव या शेनमातीतून," असं ती दर शनिवारी म्हणे. देव कुणाचं ऐकेल आणि कसं ऐकेल, काही सांगता येत नाही.

तिच्या पहिल्या वर्षीच्या पोरांत एक पितांबर होता. ओल्या सारवणावरून तो एकदा धावत गेला. भिकुबाईने त्याचा कान धरून त्याला खाली बसवलं. "तुना पाय उमटनात, तूच सारव." पितांबर रडत-रडत सारवायला शिकला. पुढे तो अमळनेरला गेला, फरशीच्या वखारीत हमाली केली, आणि दहा-बारा वर्षांत स्वतःची वखार घालून बसला. एका शनिवारी तो गावी आला तेव्हा सहज शाळेत डोकावला. भिकुबाई भिंत धरून उठत होती, आणि उठता येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, शाळेला फरशी द्यायची.

माणूस मनाचा चांगला होता, यात वाद नाही. पण चांगल्या माणसांना घाई फार.

दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरून शहाबादी फरशी आली. भिकुबाईला आधी आनंदच झाला. तिने एका फरशीवर हात फिरवून पाहिला. मग संध्याकाळी चूल पेटवताना तिच्या मनात आलं, सारवण नाही तर दादर कशाची? सकाळी ती हेडमास्तर धनसिंगांकडे गेली.

"मास्तर, फरशी धुवाले तरी माले ठेवा."

धनसिंग मास्तर धुळ्याहून नवं शिक्षण घेऊन आलेले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का, आता नवा अभ्यासक्रम आहे. शाळा मुलांनीच झाडायची, मुलांनीच धुवायची. त्यांना कामाची गोडी लागली पाहिजे."

सकाळी बापाच्या शेतात निंदून आणि गोठा काढून शाळेत येणाऱ्या पोरांना कामाची गोडी कमी पडत होती बहुतेक. भिकुबाई घरी परतली. वाद घालायलाही अंगात बळ लागतं.

पौषात समारंभ झाला. पाटील आले, जुने विद्यार्थी आले, पोरांनी फरशी धुऊन लखलखीत केली. पितांबर बोलायला उभा राहिला. कान धरल्याची गोष्ट त्याने सांगितली, लोक हसले. "आता माझ्या अक्काला शेणात हात घालावा लागणार नाही," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. त्याने भिकुबाईला पुढे बोलावलं, तिच्या हातात नारळ आणि लुगडं ठेवलं.

"अक्का, खुश शे ना?"

भिकुबाईने लुगड्याची घडी चाचपली. हो म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण खोटं बोलायचाही तिला कंटाळा आला होता.

"लुगडं बेस शे, भाऊ. पन आते मी खासू काय?"

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच थांबले. पितांबरला आधी कळेना, मग एकदम कळलं. सूपभर दादर त्याच्याही घरून जात असे, त्याने स्वतः सूप उचलून तिच्या टोपलीत ओतलं होतं. मास्तरांनी घाईने पोरांना प्रार्थनेला उभं केलं.

सगळे पांगल्यावर पितांबर तिच्याजवळ आला. "अक्का, पहिलेच काबरं नही सांगं?"

"तू माले इचारं का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "दरसाल एक पोतं दादर मी धाडसू."

"धाड," भिकुबाई म्हणाली. नको म्हणण्याइतकी श्रीमंत ती नव्हती.

पितांबर शब्दाला जागला. सुगीला त्याचा गाडीवान आला, पोतं उंबऱ्यात टाकलं, बैल वळवून निघून गेला. दादर चांगली होती, दाणा टपोरा होता. भिकुबाईने तिच्या भाकरी केल्या, खाल्ल्या. टोपली खुंटीलाच राहिली.

चार दिवस ती दारात बसून होती. बाया समोरून जात होत्या, हसून मान हलवत होत्या. पोतं आल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. गुडघे दुखत नव्हते. पण त्या सुगीला तिला कुणी "अक्का, बस, पानी पे" म्हटलं नाही.