एका ओढीत सुटणारी गाठ

"भावोजी, हे गेले…" वहिनीचा फोन आला तेव्हा मी डिचोलीला ऑफिसात होतो. तसाच कोरगावला, गावच्या घरी निघालो, आणि वाटेत औषधांच्या दुकानात थांबून दादाच्या मलमाची ट्यूब घेतली. दर महिन्याची सवय. हातात आल्यावर भानावर आलो. परत करायचा धीर झाला नाही.

दादाला सोरायसिस होता. आधी कोपरं, गुडघे, मग तळहात. लाल चट्टे, त्यांवर पांढुरक्या खपल्या, थंडीत भेगा. आमच्याकडे चवथीला गणपतीवर माटोळी बांधतात, रानातली फळं-फुलं टांगलेली लाकडी चौकट. ती कायम दादाच बांधायचा. त्याची गाठ पाच दिवस हलत नसे आणि सोडताना एका ओढीत सुटे. एका चवथीला शेजारचे दोघे त्याच्या हातचा प्रसाद न घेताच उठले. पुढच्या वर्षी तो शिडीवर चढला तेव्हा मी म्हणालो, "दादा, यंदा मी बांधतंय. तू हात लाव नको. लोक काय म्हणतले?"

"बरां मरे." तो उतरला. दोरी माझ्या हातात दिली नाही, पाटावर ठेवली.

पुढे त्याचा साबण, पंचा वेगळा झाला. कुणी सांगितलं नव्हतं… खोटं कशाला लिहू, मीच सांगितलं होतं.

तीन वर्षांनी त्याला म्हापशाला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा रोग शिवल्याने पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकते आणि कातडी भराभर वाढते. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील."

"डॉक्टर, ह्या माका नको," दादा म्हणाला, "ह्येका सांगा."

मग मलम, आंघोळीनंतर ओलसर अंगावर तेल, बरं वाटलं तरी मनाने औषध बंद करायचं नाही. चट्टे विरायचे, पुन्हा उठायचे. पाठीवर त्याचा हात पोचत नसे. रविवारी जाऊन मी मलम लावायचो. दर चवथीला म्हणायचो, "दादा, यंदा तूच बांध."

"आता तुका येता मरे," तो हसायचा.

चवथ जवळ आली आहे. ती चौकट मी माळ्यावरून काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो. परवा दोरी घेऊन बसलो. चार वेळा बांधली, चारही वेळा नारळ खाली आला. वहिनी बघत होती. म्हणाली, "भावोजी, तुमची गाठ कधीच राहिली नाही. तुम्ही आंघोळीला गेलात की हे शिडीवर चढायचे."

इतकी वर्षं विसर्जनानंतर माटोळी मीच सोडत आलो. माझ्या गाठी एका ओढीत कशा सुटतात, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही…