शेजाऱ्याचं मत

मतदार यादीत नाव घालण्यासाठी सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या सोसायटीतून एकेचाळीस अर्ज मी गोळा करून दिले. चाळीस ज्याचे त्याने भरले, एक मी भरला, माझ्या शेजाऱ्याचा. ते लूमवर कामाला होते. वीस वर्षं सुरतेत राहूनही मत द्यायला धुळ्याकडे गावी जायचे. "इथलं गटाराचं पाणी गावच्या मतानं हटणार नाही," असं मीच त्यांना म्हणालो. माझ्या सांगण्यावरून त्यांनी गावच्या यादीतून नाव काढून घेतलं.

कच्ची यादी लागली तेव्हा मी चाळीस नावं बोट ठेवून तपासली. त्यांचं पाहिलं नाही, कारण तो अर्ज माझ्या हातचा होता.

मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले. मतदान केंद्राबाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी यादी तीनदा पाहिली. नाव नव्हतं.

"गावमा तरी नाव व्हतं, भाऊ," ते म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "द्या तो मोबाईल. आत नेऊ देत नाहीत. मी थांबतो."

मी मत देऊन बाहेर आलो, तेव्हा ते फाटकापाशी माझा फोन दोन्ही हातांत धरून उभे होते. माझ्या बोटावरची शाई पाहून म्हणाले, "झालं ना तुमचं? चला."