बुदैयाच्या बागेतला शपथविधी

बहरीनच्या पोलीस खात्यात मी काढलेले बहुतेक शुक्रवार आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक मात्र अजून वेगळा उभा आहे. आजही उन्हाळ्यात घरातल्या कुणी माझ्या हाकेला लगेच ओ दिली नाही, की मी हातातले काम टाकून उठतो. घरचे याला म्हातारपण म्हणतात. मी वाद घालत नाही.

मी मूळचा रत्नागिरीचा. मनामात मामांचे दुकान होते, तिथे मदतीला म्हणून आलो. पोलिसांना आपल्याकडच्या भाषा समजणारा माणूस हवा होता, म्हणून दुभाषी झालो आणि पुढे तपासाच्या कामावर अधिकारी. भारतीयांचे कोणतेही प्रकरण ठाण्यात आले, की फिरून फिरून माझ्याच टेबलावर येई. बहुधा मारामारी, किरकोळ चोरी, नाहीतर मालकाने पासपोर्ट दाबून ठेवल्याची तक्रार.

सत्तरचे दशक संपत आले होते. जून महिना, शुक्रवार, म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस. ठाण्यात मी, एक हवालदार आणि कुरकुरणारे वातानुकूलन यंत्र. सकाळी एक बाई आत आल्या. अंगावर नर्सचा पांढरा गणवेश, डोळे रात्रपाळीने लाल झालेले. वसईच्या ख्रिस्ती होत्या, इथल्या इस्पितळात कामाला.

"साहेब, माझा भाचा हरवलाय."

"वय?"

"एकोणीस."

हवालदार हसला. तो इथल्याच बुसैतीन गावचा, पाच मुलांचा बाप. "साब, नाइन्टीन इयर, जुम्मा का दिन. रात को आएगा, इंशाल्ला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "ड्यूटी संपवून मी त्याच्या होस्टेलवर गेले, शुक्रवारच्या प्रार्थनेला चर्चला घेऊन जायला. त्याच्या खोलीतला मुलगा म्हणाला, पिकनिकला गेलाय. पण बोलताना भिंतीकडे बघत होता. साहेब, त्याचे बूट कॉटखाली आहेत. चपलासुद्धा. जूनमध्ये इथे अनवाणी पिकनिकला कोण जातं?"

हवालदाराचे हसू थांबले. मी डायरीत नोंद केली आणि टोपी उचलली.

गाडीत बाईंनी बाकीचे सांगितले. भाचा हॉटेल आणि ऑफिसच्या कामाचे शिक्षण देणाऱ्या एका खाजगी कॉलेजात होता. व्हिसा त्यांनीच खटपट करून मिळवला होता. कॉलेजातल्या मोठ्या मुलांचे एक 'ब्रदरहुड' होते आणि त्यात घेतील म्हणून हा हुरळला होता. "मी म्हटलं, ब्रदर व्हायची एवढी हौस आहे तर पाद्र्यांच्या सेमिनरीत जा, निदान जेवायला नीट मिळेल. तर म्हणतो, मावशी, तुला नाही कळायचं."

होस्टेलच्या बैठकीच्या खोलीबाहेर एक दणकट विद्यार्थी हात मागे बांधून उभा होता.

"सर, मीटिंग चालू आहे. मेंबर नसलेल्यांना आत सोडता येत नाही."

"यल्ला, चलो," हवालदार म्हणाला, आणि तो विद्यार्थी बाजूला झाला.

आत भर दिवसा मेणबत्ती जळत होती. टेबलावर पलंगपोस अंथरला होता. भिंतीवर पुठ्ठ्याची तीन ग्रीक अक्षरे होती, त्यांतले एक उलटे चिकटवलेले. मधोमध अध्यक्ष, एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला चिटणीस. अध्यक्षाच्या खांद्यावरून कमरेपर्यंत सॅटिनचा पट्टा. कापड हॉटेलच्या पडद्याचे असावे. कुणी अमेरिकन शिक्षक वर्षभर शिकवून गेला होता. त्याने आपल्या तरुणपणच्या कॉलेजातल्या, ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या बंधुमंडळांच्या गमती सांगितल्या, आणि या मुलांनी त्यांतून स्वतःची एक 'शाखा' काढली होती. मुख्य संस्था कुठे आहे असे मी पुढे विचारले, तेव्हा ती कुठेच नाही असे कळले. पण घटना होती, पोटनियम होते, गणपूर्तीची अट होती. जगात मोठमोठ्या संस्था याहून कमी सामग्रीवर चालतात.

"नवा मुलगा कुठे आहे?" मी विचारले.

"तो पिकनिकहून स्वखुशीने परत गेला," अध्यक्ष म्हणाला.

खजिनदार म्हणाला, "स्वखुशीने." कोपऱ्यातलाही तेच म्हणाला. विशीतली मुले पिकनिकबद्दल बोलताना हा शब्द वापरत नाहीत. हा शब्द ठरावात असतो, किंवा वकिलाने शिकवलेल्या जबाबात.

मी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायला सांगितले आणि चिटणिसाला होस्टेलच्या स्वयंपाकघरात नेले. त्याचे नखे खाणे मी आल्यापासून पाहत होतो. गाव विचारले तर निघाला श्रीवर्धनचा. मग मी आमच्या घरच्या बोलीत बोलू लागलो. परमुलखात माणूस इंग्रजीत खोटे सहज बोलतो. घरच्या बोलीत त्याला आई आठवते.

"बाप काय करतो?"

"तुबलीला गॅरेजात आहे, सर."

"बोलावून घेऊ? येईल पाना हातात घेऊनच."

"नको, सर! सांगतो. पहाटे आम्ही त्याला अध्यक्षांच्या मोटारीतून बुदैयाच्या बाजूला एका पडीक बागेत नेलं. डोळ्यांवर पट्टी, पायांत काही नाही. एका खजुराखाली बसवला. आणि मग आम्ही नाश्त्याला गेलो."

"नाश्त्याला."

"परंपरा आहे, सर. नव्याने उपाशी बसून चिंतन करायचं. आणि जुन्यांनी…"

"जुन्यांनी खायचं."

"हो, सर. परत आलो तर तो जागेवर नव्हता. खूप हाका मारल्या. मग आम्ही घाबरलो, इथे आलो आणि तातडीची सभा बोलावली."

"कशाला?"

"पोलिसांना कळवावं का, यावर. ठराव नामंजूर झाला, सर. बहुमताने."

मी नोकरीत नाना तऱ्हेचे जबाब घेतले. माणूस हरवल्याचे कळवावे की नाही यावर हात वर करून मतदान झाल्याचा जबाब तेवढा एकच.

आम्ही निघालो. एका गाडीत अध्यक्ष, चिटणीस, मी आणि मावशी. मावशींना मी घरी जायला सांगितले होते. त्या माझ्याआधी गाडीत जाऊन बसल्या. मागच्या गाडीत हवालदार आणि मुख्य ठाण्यातून मागवलेले शिपाई. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. खिडकीची काच हाताला सोसवत नव्हती. मावशी मांडीवर पाण्याची बाटली धरून बसल्या होत्या आणि तिचे झाकण सारखे घट्ट करत होत्या.

बाग मी समजत होतो त्याहून मोठी निघाली. पाणी आटल्यावर मालकाने सोडून दिलेली. खजूर उभेच वाळले होते, मधल्या भिंती ढासळल्या होत्या, त्यांपलीकडे तशीच दुसरी बाग, पुढे तिसरी. बुंध्याशी वाळलेल्या झावळ्यांचे ढीग. ज्या झाडाखाली त्याला बसवले होते तिथली सावली कधीच सरकून गेली होती.

आम्ही ओळीने चालत, हाका मारत निघालो. शिपायांनी त्याच्या नावाने हाका मारल्या. मावशींनी घरच्या लाडक्या नावाने मारल्या. आवाज बसेपर्यंत मारल्या. कुठूनही काही आले नाही. मधूनच वाऱ्याने झावळी खुळखुळे आणि सगळे जागच्या जागी थांबत.

हवालदार घाम पुसत माझ्याजवळ आला. "साब, आवाज मफी, कुछ नहीं. इदर होता तो बोलता." मग मावशींकडे पाहून हळूच म्हणाला, "या फिर…"

त्याचे 'या फिर' मी मनातच पुरे केले. बेशुद्ध माणूस ओ देत नाही, मेलेलाही देत नाही. आणि इथे नसलेलाही देत नाही. शोध पुढे रस्त्याकडे न्यावा की इथेच प्रत्येक झावळी उचलावी, हे मला ठरवायचे होते, आणि चुकलो तर दुसरी संधी नव्हती. मी चिटणिसाला बाजूला ओढले.

"त्याला बसवताना नेमकं काय सांगितलं होतं? शब्द न् शब्द सांग."

"की जागेवर गप्प बसायचं. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पोलीस आला तरी, आई आली तरी. आम्ही मुद्दाम माणसं पाठवतो, सर, परीक्षा म्हणून. मागच्या वर्षी एकाने ओ दिली तर त्याला नापास केला. अध्यक्ष येऊन त्याचं नवं नाव घेतील तेव्हाच बोलायचं."

"म्हणजे आमच्या सगळ्यांच्या हाका…"

चिटणिसाच्या तोंडचे पाणी पळाले. "त्याला वाटत असेल, परीक्षा चालू आहे."

"नवं नाव काय आहे?"

"ते फक्त अध्यक्षांना ठाऊक असतं. नव्याच्या कानात सांगतात."

अध्यक्ष मोडक्या भिंतीला टेकून उभा होता. पट्टा गाडीतच राहिला होता. त्याच्यावाचून तो तीन वर्षांनी लहान दिसत होता. मी नाव विचारले.

"सर, ते मेंबरांसमोरच घेता येतं, आणि तेही तो झाडाखाली असेल तरच. म्हणून सकाळीही घेतलं नाही. शपथ आहे." मग खाली बघत म्हणाला, "आणि सर, नोंदणी नसलेली संघटना चालवणं इथे गुन्हा आहे ना? मी ते नाव घेतलं, म्हणजे मीच चालवत होतो असं होईल. माझा व्हिसा जाईल."

"गुन्हा आहे," मी म्हणालो. "व्हिसाही जाईल बहुतेक." त्या वेळी खोटे आश्वासन देणे सोपे होते, पण धास्तावलेल्या माणसाला ते लगेच कळते.

तेवढ्यात मावशी आल्या. मला वाटले, त्या त्याच्या मुस्कटात देतील. पण त्या वॉर्डात नातेवाइकांशी बोलतात तशा सपाट आवाजात बोलू लागल्या.

"ऐक, बाबा. आधी खूप घाम येतो. ते चांगलं असतं. मग घाम थांबतो. मग माणसाला थंडी वाजल्यासारखं होतं आणि त्याला वाटतं, आता बरं वाटतंय. तिथून पुढे मी बघितलेले फार थोडे परत आलेत. तू त्याला काय नाव दिलंयस ते मला नको सांगू. मी लांब जाऊन कान झाकते. पण तू त्याला हाक मार."

आणि त्या खरोखरच चार पावले मागे गेल्या आणि त्यांनी कानांवर हात ठेवले.

अध्यक्ष भिंतीवर चढला. मग तो ओरडला, "ब्रदर थंडर!"

ज्या बेटावर जूनमध्ये ढग दिसत नाही, तिथे हे नाव. कुणी हसले नाही.

"ब्रदर थंडर! मी प्रेसिडेंट बोलतोय! संपलं! ओ दे!"

पलीकडच्या बागेतून, जमिनीखालून यावा तसा आवाज आला. "हिअर, सर."

मी त्या भिंतीवरून उडी मारली, ती कशी मारली ते आजही सांगता येणार नाही. सावली सरकली तशी पोरगा पट्टीसकट सावली चाचपडत गेला होता. एका पडलेल्या भिंतीवरून पलीकडे रांगत जाऊन झावळ्यांनी झाकलेल्या कोरड्या हौदात पडला होता. घोटा मोडला होता. आम्ही त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरून किमान दोनदा गेलो होतो. डोळ्यांवरची पट्टी त्याने अजून काढली नव्हती.

मावशी हौदात उतरल्या. बाटलीच्या झाकणातून थेंब थेंब पाणी ओठांना लावू लागल्या.

"मावशी, तू मघाशी रडत होतीस ना? मला ऐकू आलं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"मला वाटलं, यांनीच तुला पाठवलंय." मग तो अध्यक्षाच्या आवाजाच्या दिशेने वळला. "सर, मी पास झालो?"

अध्यक्ष हौदाच्या काठावर बसला आणि गुडघ्यांत डोके घालून रडू लागला. हवालदार त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिला, "खलास, या वलद, खलास. हो गया, बच्चा."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब झाले. बाकीच्यांनी ही कल्पना कोणाची होती ते आठवत नसल्याचे सांगितले. अध्यक्षाने सगळे स्वतःवर घेतले. रीतीप्रमाणे त्याचे खिसे रिकामे करून घेतले: रुमाल, ओळखपत्र, मोटारीची किल्ली. मुलगा वाचला होता, त्यामुळे माझ्या इंग्रज वरिष्ठाला प्रकरण फारसे गंभीर वाटले नाही. त्याच्या शाळेत नव्या मुलांना खिडकीबाहेर उलटे धरत, असे त्याने जवळजवळ मायेने सांगितले. कॉलेजने मात्र अध्यक्षाचे नाव काढून टाकले आणि व्हिसा गेला. त्याच्या बंधूंनी त्याआधीच सभा घेऊन, बाहेरच्या लोकांसमोर गुप्त नाव उच्चारल्याबद्दल त्याला मंडळातून कमी केले होते. गणपूर्ती झाली होती म्हणे.

जबाबावर सही घेताना मी त्याला विचारले, "काल सकाळच्या सभेत तू कुठल्या बाजूला होतास?"

"कळवावं असंच मला वाटत होतं, सर. पहिल्यापासून."

"मग मत का नाही दिलंस?"

"अध्यक्षाला मत नसतं, सर. समसमान झाली तरच देता येतं. मी वाट बघत होतो. पण समसमान झाली नाहीत."

तो हे अगदी प्रामाणिकपणे सांगत होता. मी कागद त्याच्यापुढे सरकवला. हा मुलगा दुष्ट नव्हता, भित्राही पूर्ण नव्हता. भिंतीवर चढला तेव्हा आपले काय जाणार हे त्याला ठाऊक होते. त्या खोलीतला एकही जण दुष्ट नव्हता. सगळे नियमाप्रमाणे वागत होते आणि उन्हात एक माणूस त्यांच्या नियमाप्रमाणेच मरायला बसला होता.

गुन्हेगारांबद्दल मला नोकरीत जे कळले ते बहुतेक कुठल्याही ठाणेदाराला कळते. या प्रकरणाने मला सज्जन माणसांबद्दल शिकवले. पुढे मी अनेक सभांना बसलो, काहींचा अध्यक्षही झालो, हार घातले, घालून घेतले. 'नियमच तसा आहे, माझा नाइलाज आहे' असे कुणी खुर्चीतून म्हणाले, की मला टेबलावर काढून ठेवलेले ते खिशातले सामान दिसते. पोटनियमांनी त्या अध्यक्षाला मत दिले नव्हते, हे खरे. पण सभा चालू होती तेवढा सगळा वेळ मोटारीची किल्ली त्याच्याच खिशात होती.