पोशीची खुंटी

विहिरीवरून परतताना माघी रोज कुठंतरी वाकायची. डोक्यावर हंडा असला तरी मान ताठ ठेवून गुडघ्यांत वाकायची, वाटेवरचं काहीतरी उचलायची आणि ओच्यात टाकायची. कधी रिठ्याचं फळ, कधी सावरीच्या खोडाचा गळालेला काटा, कधी नुसतंच एक चांगलं वाळलेलं सागाचं पान. पोशेऱ्याजवळच्या त्या पाड्यावर लग्न होऊन आलेल्या पुष्पाला सुरुवातीला वाटलं, सासूचं काहीतरी हरवलंय आणि ती ते शोधतेय. पुढं कळलं, की आपलं वाटणं फारसं चूक नव्हतं.

दुपारी पाड्यातली पोरं अंगणात जमायची. माघी सागाचं पान दुमडून काडीनं टाचायची, की टोपी तयार. सावरीचा काटा दगडावर घासून सपाट करायची, त्यावर विळ्याच्या टोकानं फुली कोरायची. पोरं तो शिक्का ओल्या राखेत बुडवून एकमेकांच्या पाठीवर उमटवत पळायची. आंब्याची रुजलेली कोय घासली की पुंगी व्हायची.

"आजे, माझी वाजत नाय," कुणी रडकुंडीला आलं तर माघी म्हणायची, "तुझ्या बापाची तरी कुठं वाजत होती? फुंकायचं सोडून थुंकत बसायचा."

सगळं ती वाटून टाकायची. घरात एकच खेळणं राहिलं होतं आणि ते ती कुणाला देऊन टाकत नव्हती. चुलीजवळच्या खांबाला दोन खुंट्या होत्या. एकीवर बांबूच्या कामट्यांनी विणलेला खुळखुळा टांगलेला असायचा. आत रिठ्याच्या बिया, वर वर्षानुवर्षांचा धूर. दिवेलागणीला माघी त्याला एक बोट लावायची आणि तो वाजायचा. पण कधी कधी तो बोट न लावताही वाजे. वारा नसे, उंदीर दिसत नसे. माघी भाकरी थापताना मान वरसुद्धा करत नसे.

"आली वाटतं," एवढंच म्हणे.

पुष्पा खांबापासून जरा लांब सरकून बसे.

आली म्हणजे पोशी. पुष्पाच्या नवऱ्याची, पुंजाची, थोरली बहीण. दिवाळीनंतर भात झोडून झालं, की पाड्यातली माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडी परततात. माघीच्या माहेरची एक रीत होती. जाताना पोरानं खेळलेलं, त्याचा हात लागलेलं एक खेळणं घरात टांगून जायचं. ते पोराला परत बोलावतं. नवं केलेलं चालत नाही. त्याला पोराचा हात ओळखीचा नसतो. आणि पाड्याखालचा ओहोळ ओलांडला की मागं फिरायचं नाही. एका वर्षी लहानग्या पोशीनं खुळखुळ्यासाठी आकांत केला. माघीचं मन विरघळलं आणि तिनं तो खुंटीवरून काढून पोरीच्या हातात दिला. भट्टीवर पोशीला ताप आला. पोर तिथंच खाडीकाठी पुरावी लागली. परत आला तो खुळखुळा.

"तिला वाट कोण दाखवणार होतं?" माघीनं हे पुष्पाला एकदाच सांगितलं होतं, नागली निवडता निवडता. पुन्हा कधी विषय काढला नाही. मात्र त्यानंतर भट्टीवर निघालेल्या पाड्यातल्या प्रत्येक पोराचं खेळणं टांगलंय का, हे ती घरोघर जाऊन बघायची.

पुष्पाला त्या खुळखुळ्याची भीती वाटायची. तिची चार वर्षांची फागी मात्र आजीच्या खांद्यावर चढून तो काढायची आणि घरभर वाजवत फिरायची. पुष्पानं एकदा तिच्या हातावर चापट मारली.

"ठेव तो! मेलेल्याची वस्तू हाय ती."

"मेलेल्याची नाय, पोशीची हाय," माघी म्हणाली. "आणि पोरीला मारू नको. खेळली म्हणून ती झिजणार नाय."

या वर्षी माघीचे पाय सुजत होते. ती घरीच राहणार होती. निघायच्या आधी तिनं फागीसाठी भाताच्या पेंढ्याची बाहुली केली. सागाच्या पानाचं लुगडं, गुंजेएवढ्या दोन लाल बियांचे डोळे. फागी तिला उराशी धरून आठवडाभर झोपली. मग माघीनं ती दुसऱ्या खुंटीवर टांगली. "आता ही इथं बसून तुझी वाट बघंल."

सकाळी मुकादमाचा टेम्पो ओहोळाशी येऊन भोंगा वाजवू लागला. पुंजा भांड्यांचं बोचकं घेऊन पुढं गेला होता, माघी लंगडत त्याच्या मागं. घरात पुष्पा आणि फागी. फागीनं खांबाला मिठी मारली. सोडीना. "बाहुली पायजे, बाहुली पायजे," श्वास लागेपर्यंत रडली. भोंगा पुन्हा वाजला. पुष्पानं बाहुली काढली आणि गोधडीच्या घडीत खुपसली. हे आपल्याआधी याच खांबाशी कुणीतरी केलंय, हे तिला ओहोळ ओलांडल्यावर आठवलं. वळून पाहिलं तर माघी पलीकडच्या काठावर उभी होती आणि हात हलवत नव्हती.

भट्टीवर बाहुली हळूहळू विस्कटत गेली. आधी लुगडं गेलं, मग एक डोळा. आंब्याच्या दिवसांत फागीला ताप भरला. पुंजानं तिला डॉक्टरकडे नेलं, औषध आणलं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. फागी तापात एकटीच बोलायची. एकदा बाहुली उराशी धरून ती म्हणाली, "ती बोलावते, पण घर दुसरीकडं हाय." पुष्पा विटांच्या ओळीमागं गेली आणि तिनं पाड्यावरच्या दुकानदाराला, कमलेशला, फोन लावला. त्यानं जाऊन माघीला बोलावून आणलं.

"आये, फागीला ताप हाय."

"डॉक्टरला दाखवली?"

"दाखवली." पुष्पाला पुढचं बोलता येईना. "आये, मी ती बाहुली..."

"म्हायती हाय. तुम्ही गेलात त्याच सांजेला बघितली मी खुंटी."

"मग बोलली का नाय? फोन का नाय केला?"

"ओहोळ ओलांडला होतात ना. बोलून तुझा जीव कशाला टांगणीला लावू?" माघीला थोडा दम लागला होता. "औषध वेळेवर दे. मी टांगलंय. पोर येतेय घरी."

काय टांगलंय, हे विचारायचं धाडस पुष्पाला झालं नाही. तिला वाटलं, म्हातारीनं दुसरी बाहुली केली असणार, आणि नवी तर चालत नाही. फागीच्या कपाळावर हात ठेवून ती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि परत चढला नाही. तरीही पुष्पाची धास्ती गेली नाही. फागी खेळताना नजरेआड झाली, की ती हातातलं काम टाकून धावायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कमलेशचा फोन आला. माघी अंगणात भिंतीला टेकून बसली होती, ओच्यात कामट्यांचा भुसा होता. पोरांना वाटलं, डुलकी लागली.

ते पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. शेजारच्या ढवळूकाकानं घराची कडी काढून दिली. आत थंड चुलीचा वास होता. पुष्पानं आधी खांबाकडे पाहिलं.

पोशीची खुंटी रिकामी होती. फागी खेळायची तेवढा वेळ सोडला, तर इतक्या वर्षांत तिनं ती रिकामी कधी पाहिली नव्हती. धुरात तिथं खुळखुळ्याएवढी फिकट जागा उरली होती. खुळखुळा शेजारच्या खुंटीवर होता, फागीच्या. घरात फागीचा हात लागलेलं तेवढंच तर एक होतं.

पुष्पा खांबाशी खाली बसली. म्हातारीनं एवढी वर्षं जिला हाक मारली, तिची हाक काढून फागीला दिली होती. आता पोशीला कोण बोलावणार?

फागी धावत आली, पायांच्या चवड्यांवर उभी राहिली. या वेळी पुष्पानं तिला अडवलं नाही, उचलून वर धरलं. फागीचं बोट पोचायच्या आधीच बिया हलल्या. एकदा, सावकाश. वारा नव्हता. कोण आलं ते पुष्पाला कळलं नाही. तिनं फक्त पोरीला धरलेले हात घट्ट केले.

मग तिनं गोधडीची घडी सोडली. बाहुलीचा पेंढा निघाला, तो तिनं पोशीच्या रिकाम्या खुंटीला बांधला. त्याला पोशीचा नाही, पण तिच्या आईचा हात लागला होता. खाली, पदराच्या तुकड्यात, आंब्याच्या कोयी होत्या, धुऊन ठेवलेल्या. भट्टीवर सगळ्या बाया हसल्या होत्या, पण तिनं एकही टाकली नव्हती. फागी तापात होती त्या दिवशी फोन ठेवताना कमलेश "आजे, बॅटरी संपतेय" म्हणत होता, आणि माघी घाईघाईनं म्हणाली होती,

"आंबे खाल्लेत तर कोयी टाकू नका गे. येताना घेऊन या, फागीला पुंगी करीन."