रुचा आणि इतर

पडद्यावर अहवालाचं पहिलं पान आलं. संस्थेच्या डहाणूच्या ऑफिसात आम्ही सगळे बसलेलो. मोठ्या अक्षरांत रुचाचं नाव, आडनावासकट. त्याच्यापुढे इंग्रजीत दोन बारके शब्द. एट अल.

मी विचारलं, "सर, हे एट अल कोण?"

सर हसले. "अगं, म्हणजे 'आणि इतर'. म्हणजे तू!"

सगळे हसले. रुचा पण. त्या दिवसापासून चहा आला की कोणीतरी ओरडायचं, "एट अल, कप घे."

अहवाल मासळी सुकवणाऱ्या बायांवर होता. धाकटी डहाणूच्या. माझ्या गावच्या. माझी आई त्यातलीच. रुचा मुंबईहून आलेली. बोंबलांच्या वासानं पहिल्याच दिवशी तिला मळमळलं, ती गाडीत जाऊन बसली. काचा वर. मी वाळूत बसून बायांशी बोलले. मिठानं हात कसे सोलतात, बोटी बंद असतात तेव्हा घरात काय शिजतं, सगळं त्यांनी मला सांगितलं. मी त्यांची पोरगी. मी ते मराठीत लिहून दिलं. रुचानं इंग्रजी केलं. चांगलं केलं. खोटं कशाला बोलू?

मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या बोटांचासुद्धा. इंग्रजी शब्द तोडून उरलेली नुसती अक्षरं, एफवायआय, पीएफए, एएसएपी. ती खटाखट टाइप करायची आणि सर म्हणायचे, "फास्ट आहे पोरगी." मी पीएफएच्या जागी 'सोबत फाइल जोडली आहे' असं लिहिलं, तर म्हणाले, "निबंध नको गं लिहूस." सरांचा मेल आला की 'टू'मध्ये ती. 'सीसी'त मी. बोलायचं तिच्याशी, मी नुसतं ऐकायचं. घरी आरशासमोर उभी राहून मी तिच्यासारखं 'एएसएपी' म्हणून बघायचे.

अहवाल आईला दाखवला. तिनं विचारलं, "यात तुजा नाव कुठं हाय गो?"

मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"एवढाच?"

रुचाचं नाव नखानं खरवडून काढावंसं वाटलं.

मग सरांचा मेल आला. पुन्हा आमच्याच गावात काम. या वेळी 'टू'मध्ये मी. 'बायकांना गोळा कर, एएसएपी.' म्हणजे लगेच. मी सगळ्यांना उत्तर पाठवलं. एकही शब्द तोडला नाही. 'पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव येणार असेल तरच मी बायकांकडे जाईन.'

सरांचा फोन आला. "अगं, तशी पद्धत असते. सगळ्यांची नावं कशी टाकणार?"

"सर, आम्ही दोघीच होतो."

ते म्हणाले, "तू रुचावर जळतेस."

"हो, जळते. नाव टाका."

त्यांनी फोन ठेवला. माझं काम गेलं. माझ्या जागी शेजारच्या मसोली गावची एक मुलगी घेतली. मी आता चारोटीला एका हॉटेलात बिलं करते. त्या मुलीला बसस्टॉपवर गाठलं, तिचा हात धरला. म्हटलं, "पहिल्या पानावर तुझं नाव टाकतील असं आधी लिहून घे. मगच वाळूत बस." ती घाबरली. मी तिचा हात सोडला नाही.

रुचाचा हेवा अजून वाटतो. वाटू दे. मला तो विझवायचा नाही. माझं पूर्ण नाव छापणार नाही त्याला माझ्या आईचं एक वाक्यसुद्धा मी काढून देणार नाही.